पासवर्ड नव्हे, टीकेआयपी काढा

पासवर्ड काढला की वायफाय पळायला लागतं, असा सल्ला काही जण देतात. कृपया तसं करू नका. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये उघडं वायफाय दिसलं की वरच्या-खालच्या मजल्यावरचे फोन लगेच चिकटतात, आणि पैसे तुम्ही भरलेली लाइन सगळ्यांत वाटली जाते.

वेग खरा अडतो तो जुन्या एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे वायफायवरचा डेटा सांकेतिक करण्याच्या जुन्या पद्धतीमुळे. राउटरच्या सेटिंगमध्ये वायरलेस सिक्युरिटी उघडा. तिथे डब्ल्यूईपी (WEP) किंवा टीकेआयपी (TKIP) यांपैकी जुनी पद्धत असेल तर वायफाय ५४ एमबीपीएसला अडकतं, कारण वायफायच्या ८०२.११एन या पिढीचे आणि त्यापुढचे वेग या दोघांसोबत चालतच नाहीत. हाताशी त्याच्या निम्मेही आले तर नशीब! मग प्लॅन ३०० एमबीपीएसचा घ्या नाहीतर ५००चा. लाइन टाकायला आलेला माणूस यातलं काही सांगत नाही, तो स्पीड टेस्ट दाखवून निघतो.

डब्ल्यूपीए२ (WPA2) ही सिक्युरिटी आणि एईएस (AES) हे एन्क्रिप्शन निवडा. टीकेआयपी-एईएस असा मिश्र पर्यायही नको. एईएसचं गणित राउटरची चिपच करते, त्यामुळे वेगात फरक जाणवत नाही. डब्ल्यूपीए३ उत्तम, पण जुना प्रिंटर रुसू शकतो.

एवढं करूनही रात्री वायफाय रडत असेल, तर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असू शकते. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर जा.