‘डेफिनिटिव्ह’ म्हणजे ‘अंतिम’ का?

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीला मूतखड्याचा त्रास झाला. खडा मूत्रवाहिनीत अडकलेला, त्यात थंडी वाजून ताप. रात्रीच ठाण्यातल्या एका रुग्णालयात हलवलं. डॉक्टरांनी आधी स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून लघवीची वाट मोकळी केली आणि सांगितलं, जंतुसंसर्ग उतरू दे, मग खडा काढू. सगळं नीट पार पडलं. घरी सोडताना हातात एक मराठी कागद दिला. त्यात एक ओळ होती : ‘अंतिम उपचार तीन आठवड्यांनी.’

मी बिलाच्या रांगेतून परत आले तेव्हा मावशी खाटेवर चष्मा काढून बसली होती. “अगं, काय असेल ते मला खरं खरं सांगा ना,” एवढंच म्हणाली. मला काही कळेना. मग तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी कागदावर त्याच जागी होतं ‘डेफिनिटिव्ह ट्रीटमेंट’.

अंतिम दर्शन, अंतिम संस्कार, अंतिम इच्छा. आजारी माणसाच्या जवळ ‘अंतिम’ हा शब्द आला की मराठी कानाला दुसरं काही ऐकूच येत नाही. ज्याने भाषांतर केलं त्याने कोश उघडला असेल, अंतिम, निर्णायक, निश्चित असे अर्थ दिसले असतील आणि त्याने पहिला उचलला असेल. पण डॉक्टरांना म्हणायचं होतं ते अगदी साधं : स्टेंट हा तात्पुरता इलाज, खडा काढणं हा मूळ दुखण्यावरचा पक्का इलाज. ‘खडा काढण्याचा मुख्य उपचार तीन आठवड्यांनी’ असं लिहिलं असतं तर मावशीची ती रात्र शांत झोपेची गेली असती.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मनातून जात नाही. इंग्रजी करारमदाराच्या कागदांचं मराठी करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे तो टेबलावरही सतत येतो.

मुळाकडे गेलं की गुंता बराच सुटतो. लॅटिनमधला ‘फिनिस’ म्हणजे शेवट, पण सीमा हाही त्याचा अर्थ. त्यापासून ‘देफिनिरे’, म्हणजे हद्द आखणे. ‘डेफिनिशन’, आपली ‘व्याख्या’, ही त्याच घरातली. आपल्याकडे या सीमेला सुंदर शब्द आहे, शीव. ठाण्याहून लोकलने दादरकडे जाताना लागणारं शीव स्टेशन म्हणजे एके काळची मुंबई बेट आणि साष्टी बेट यांमधली हद्द. इंग्रजांच्या तोंडी तिचं सायन झालं. तर ‘डेफिनिटिव्ह’ म्हणजे शीव घालून देणारं. इथवर आपलं, पुढे दुसऱ्याचं, आता यावर भांडण नको. ‘अंतिम’ हा शब्द काळाच्या रांगेतली शेवटची जागा दाखवतो. ‘डेफिनिटिव्ह’मध्ये काळ असतोच असं नाही, त्यात ठरून जाणं असतं.

म्हणून मी आता एकच गोष्ट करते. शब्द समोर आला की त्याच्या विरुद्ध बाजूला कोण उभं आहे ते आधी बघते.

डॉक्टरी कागदात विरुद्ध बाजूला ‘तात्पुरतं’ असतं. ‘प्रोव्हिजनल डायग्नोसिस’ म्हणजे लक्षणांवरून केलेलं तात्पुरतं निदान; तपासण्या झाल्या की येतं ते पक्कं निदान. ‘अंतिम निदान’ इथे चुकीचं नाही, पण पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर ‘पक्कं’च बरं.

करारात तेच. दोन कंपन्या आधी सामंजस्य करार करतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी बंधनकारक नसतात. मग सगळ्या अटी घालून जो बांधून घेणारा करार होतो तो ‘डेफिनिटिव्ह अ‍ॅग्रीमेंट’. याचं ‘निश्चित करार’ असं भाषांतर माझ्यापुढे नेहमी येतं. ते वाचून अर्थ लागत नाही, कारण अनिश्चित करार असा काही प्रकारच नसतो. जमिनीच्या व्यवहारात आपल्या लोकांनी हे टप्पे कधीच नावं देऊन ठेवलेत : इसार (आगाऊ रक्कम), साठेखत (विकण्याचा करार), खरेदीखत (प्रत्यक्ष विक्री). जमिनीचा हक्क बदलल्याची, तलाठ्याने धरलेली फेरफार नोंदही मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच पक्की होते. ऐरोली-घणसोलीच्या गावठाणात ज्याने जमिनीचे कागद हाताळलेत त्याला कच्ची नोंद आणि पक्की नोंद यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. हे कच्चं-पक्कं आपल्या भाषेत इतकं मुरलेलं आहे, तरी लिहिताना आपण ते बाजूला ठेवून संस्कृत शब्द शोधत बसतो, याचं मला वाईट वाटतं.

कायद्यातला ‘कन्क्लूझिव्ह’ मात्र वेगळा. १८७२च्या पुरावा कायद्यात ‘कन्क्लूझिव्ह प्रूफ’ची व्याख्या होती. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी व्याख्या राहिली. एक गोष्ट सिद्ध झाली की दुसरी सिद्ध झाली असंच मानायचं आणि ती खोडायला पुरावा घेऊच द्यायचा नाही, असा तिचा आशय. इथे ‘निर्णायक पुरावा’ चपखल बसतो. पण तोच ‘निर्णायक’ सगळीकडे चालवू नये. निर्णायक गोल, निर्णायक क्षण म्हणताना आपण पारडं फिरवणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतो, आणि त्याला इंग्रजीत ‘डिसायसिव्ह’ हा वेगळा शब्द आहे.

आता दोन जागा अशा, जिथे ‘अंतिम’ म्हटलं की अर्थ उलटाच होतो.

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांना माहीत असेल, ‘डेफिनिटिव्ह’ तिकिटं म्हणजे नेहमीच्या वापरातली, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली जाणारी. त्यांच्या विरुद्ध बाजूला असतात एखाद्या प्रसंगानिमित्त निघणारी स्मारक तिकिटं. १५ ऑगस्ट १९४९ला स्वतंत्र भारताची अशी नेहमीची मालिका निघाली, तिच्यात नऊ पैच्या तिकिटावर आपल्या घारापुरीची त्रिमूर्ती आहे. दुकानातल्या पाकिटात मी ते तिकीट पाहिलं तेव्हा फार आनंद झाला होता. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या कागदात ते तीन शांत चेहरे. त्याला ‘अंतिम तिकीट’ कोण म्हणेल?

दुसरी जागा जीवशास्त्रातली. परजीवी ज्याच्या शरीरात आपली लैंगिक अवस्था पुरी करतो तो ‘डेफिनिटिव्ह होस्ट’. मलेरियाच्या बाबतीत तो मान माणसाचा नाही, अ‍ॅनोफिलिस डासाचा, आपण मधले. आणि डासापाशी काहीच संपत नाही, तिथून चक्र पुन्हा फिरतं. होस्टला मराठीत पोषक म्हणतात; ‘अंतिम पोषक’ लिहिलं की विद्यार्थ्याला वाटतं परजीवीचा प्रवास तिथे संपला. ‘मुख्य पोषक’ आणि ‘मधला पोषक’ ही जोडी मला जास्त पटते.

‘डेफिनिट’ आणि ‘डेफिनिटिव्ह’ यांची गल्लत तर रोजची. “उद्या येणार का?” “नाही, येणार नाही.” हे डेफिनिट उत्तर, म्हणजे स्पष्ट, नक्की. ते डेफिनिटिव्ह व्हायला आधी काही वाद असावा लागतो, आणि त्या उत्तराने त्याचा सोक्षमोक्ष लागावा लागतो.

राहिली एक जागा, जिथे मी अजून अडते. एखाद्या ग्रंथाची ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच घरात आहे. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि बजावलं की यापुढे यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजावं. शीव घालणं म्हणजे काय ते याहून नेमकं दाखवता येणार नाही. अशा आवृत्तीला ‘प्रमाण प्रत’ म्हणता येतं, आणि ते शोभतंही. पण ‘डेफिनिटिव्ह बायोग्राफी’चं काय? ‘अधिकृत चरित्र’ म्हटलं तर घरच्यांच्या परवानगीने लिहिलेलं असा अर्थ होतो. ‘प्रमाण चरित्र’ कानाला रुचत नाही, ‘साक्षेपी चरित्र’मध्ये कष्ट येतात पण शेवटचा शब्द असल्याचा भाव येत नाही. गेल्या आठवड्यात मी ‘त्यांच्याविषयी काहीही लिहायचं तर आधी वाचावंच लागतं असं चरित्र’ असं लांबलचक लिहून पाठवलं. एका शब्दात कुणी सांगू शकेल का?