जैसलमेरच्या जुन्या टोपोशीटवर इतक्या विहिरी का?

प्रश्न (भूगोल शिक्षिका, सातारा):
नमस्कार. वर्गात दाखवायला ४० जे क्रमांकाचं, म्हणजे जैसलमेर भागाचं जुनं टोपोशीट (जमिनीच्या सविस्तर नकाशाचं पत्रक) मिळालं. सगळीकडे तपकिरी ठिपके, वस्ती जवळपास नाहीच, पण विहिरी मात्र नावानिशी दाखवल्यात. मध्येच '५ आर', '८ आर' असं लिहिलंय. मुलं विचारतात, माणसंच नाहीत तर विहिरींना नावं कशाला?

उत्तर १:
ठिपके म्हणजे वाळू. 'आर' म्हणजे सापेक्ष उंची, वाळूची टेकडी आसपासच्या जमिनीपासून किती वर आहे ते. पत्रक जुनं असेल तर फुटांत, नंतरचं असेल तर मीटरमध्ये.

उत्तर २ (निवृत्त सर्वेक्षक):
बाई, तिकडे मी दोन हिवाळे काढलेत. धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, सरकतात, म्हणून सरकत्या वाळूला चिन्हच वेगळं आहे. विहीर जागची हलत नाही. आम्ही प्लेन टेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढायचं तिपाईवरचं फळकुट, पहाटे मांडायचो. ऊन चढलं की हवा थरथरायची आणि लांबची खूण नाचायला लागायची. मुक्काम कुठे टाकायचा हे पाणी ठरवायचं. एका बेरीपाशी आम्ही सहा दिवस होतो. बेरी म्हणजे अगदी अरुंद तोंडाची विहीर. पावसाचं झिरपलेलं पाणी खाली जिप्समच्या थरावर अडतं. रात्रभरात पाच घडे भरायचे, त्यातला एक तिथल्या म्हाताऱ्याने रोज आमच्या खलाशांना (सर्वेक्षणातल्या मदतनिसांना) दिला. तो म्हणाला, दुष्काळात ढाणी (छोटी वस्ती) उठून जाते, पाऊस पडला की परत येते, नाव विहिरीचंच राहतं. म्हणून मी प्रत्येक नाव तिघांना विचारूनच लिहायचो. पाणी स्वतः चाखायचो. खारं निघालं तर तशी नोंद करायची. तिथे चूक झाली तर नकाशावर भरवसा ठेवून निघालेला माणूस तहानेने मरतो.

उत्तर ३:
सिरोंज (मध्य प्रदेश) ते कराची त्रिकोणमालिका, म्हणजे मोजणीसाठी आखलेली त्रिकोणांची साखळी, याच थरच्या वाळवंटातून गेली, १८५३ मध्ये पूर्ण झाली. लांबी ६६८ मैल. वाळवंटातल्या कामावर अलेक्झांडर स्ट्रेंज हे ब्रिटिश सर्वेक्षक होते. मोजणीच्या ठिकाणी चौथरे बांधावे लागले. त्यांचं सामान आणि दोनशेहून जास्त माणसांचं पाणी लांबून आणलं.

शिक्षिका:
काका, एका विहिरीचं नाव पुसट झालंय. शेवटी 'सर' एवढंच वाचता येतं.

निवृत्त सर्वेक्षक:
'सर' म्हणजे पाण्याची जागा. भिंग घेऊन सकाळच्या उजेडात बघा, अजून एखादं अक्षर लागेल. लागलं की इथे लिहा, मी माझ्या वहीत शोधतो.