मदत हवी: मामाच्या जुन्या बीबीसी स्पीकरांना नवी खोकी केली, आवाज नाकातून येतोय

कोथरूडचा_कारकून | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझा मामा १९८० च्या सुमारास इंग्लंडात नोकरीला होता. येताना त्याने बीबीसीने घडवलेल्या आणि रॉजर्स कंपनीने बनवलेल्या एलएस ३/५ए स्पीकरांची जोडी आणली. सदाशिव पेठेतल्या वाड्यात त्याच्या खोलीत दोन गोष्टींना हात लावायची आम्हा भाचरांना बंदी होती, एक ग्रामोफोनची सुई आणि दुसरे हे स्पीकर. पुढे वाडा पाडला, सामान पांगलं आणि हे दोघे एका तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत पडून राहिले.

या फेब्रुवारीत मी ते उघडले. वरचं सागवानी व्हिनियर चकचकीत होतं, पण अंगठा टेकवला तर बाजूची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी आत गेली. खाली नुसती माती. वाळवीने प्लाय खाऊन व्हिनियरचं कातडं तेवढं शिल्लक ठेवलं होतं.

नशिबाने केईएफ कंपनीचे आतले दोन्ही बी११० (मोठे) आणि दोन्ही टी२७ (ट्वीटर) जिवंत आहेत. बी११० च्या कडेचं रबर अजून मऊ आहे. डावीकडचा क्रॉसओव्हर (खालचे सूर मोठ्याला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) धड आहे. उजवीकडच्यावर वाळवीने घर केलं होतं, बोर्ड कुजला आणि कॉइलची तार हिरवी पडून तुटली.

म्हटलं, खोकी नवीन करू. मूळ माप बाहेरून १२ बाय साडेसात बाय सव्वासहा इंच, एवढंसं तर आहे. आमच्या नेहमीच्या सुताराला कागदावर काढून दिलं आणि १२ मिमी प्लाय सांगितला. तो म्हणाला, "साहेब, आंब्याची पेटी करायचीय का? स्पीकरला अठराच लागतो." मलाही ते पटलं. जाड फळी म्हणजे भक्कम आवाज, असा माझाही समज. १८ मिमी मरीन प्लायची खोकी झाली. बाहेरचं माप मात्र तंतोतंत ठेवलं, जुन्यासारखी दिसायला हवीत म्हणून. मूळ खोक्यात आतून डांबरी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, त्या सुताराने हसण्यावारी नेल्या आणि मी राहू दिल्या. उजव्यासाठी बुधवार पेठेतून "टू वे, ८ ओहम" असा तयार क्रॉसओव्हर आणून बसवला.

आता रडगाणं. दोन्ही स्पीकरांतून गाणारा माणूस सर्दी झाल्यासारखा वाटतो. पुरुष गायक काळी एकच्या षड्जावर स्थिरावला की आवाज घुमतो, बाकीच्या सुरांवर नाही. उजवा तर वर कर्कशही आहे, स-श-ष टोचतात. त्यात भर म्हणून त्याच उजव्यातून खालच्या काही सुरांना बारीक फुर्रर्र येते.

सध्या दोघं टीव्हीच्या कपाटात दोन कप्प्यांत ठेवलेत.

डिसेंबरात मामाचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्याला सांगितलेलं नाही. पुन्हा करायची माझी तयारी आहे, पण या वेळी नीट विचारून. १२ मिमीच का? मूळच्या बर्च प्लायला पुण्यात पर्याय काय? डांबरी पट्ट्या आणि ट्वीटरभोवतीचं फेल्ट कुठे मिळेल? आणि उजव्या क्रॉसओव्हरचं काय करू?

---

पेठेतला_खवचट | रविवार, रात्री ११:४२

मामाला एक ब्लूटूथ स्पीकर घेऊन द्या. ऐंशी पूर्ण झाल्यावर स-श-ष कोणाला ऐकू येतात?

---

कोथरूडचा_कारकून | रविवार, रात्री ११:५०

माझ्या मामाला येतात. परवा फोनवर म्हणाला, "तुझ्या घरचा फ्रिज फार आवाज करतो रे."

---

सातारारोडवरचा_ओहम | सोमवार, सकाळी ७:०५

कारकूनसाहेब, सुताराने तुम्हाला अत्यंत प्रामाणिकपणे चुकीचा सल्ला दिला. सभा-समारंभातल्या मोठ्या स्पीकरांच्या खोक्यांना तो बरोबर आहे, इथे नाही.

हा स्पीकर दिवाणखान्यासाठी नव्हताच. बीबीसीला बाहेरच्या कार्यक्रमांच्या प्रक्षेपण गाडीत, जिथे मोठा मॉनिटर मावत नाही, तिथे माणसाचा आवाज खरा आहे का हे तपासायला छोटा डबा हवा होता. त्याआधी त्यांच्या संशोधन विभागात स्टुडिओच्या एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृतींवर ध्वनीचे प्रयोग चालत. त्यासाठी केलेल्या छोट्या स्पीकरातून ही कल्पना निघाली. हारवुड, व्हॅटन आणि मिल्स यांचा १९७६ चा अहवाल बीबीसीने खुला ठेवला आहे. तो वाचाच. इंग्रजी सरळ आहे, फुशारकी नाही.

आता जाडी. कुठलीही फळी वाजते. १८ मिमीची कमी हलते हे खरं, पण तिचा स्वतःचा सूर वर सरकतो, नेमका माणसाच्या आवाजाच्या भर वस्तीत. तिथे तिला दाबणारं काही नसलं की ती गात बसते. बीबीसीवाल्यांनी उलटा विचार केला. फळी पातळ ठेवली, म्हणजे तिचा सूर खाली आला, आणि आतून डांबराचा जड थर दिला, म्हणजे वाजली तरी लगेच गप्प झाली. पातळ फळी या थराला जुमानते. जाड फळीवर तेवढाच थर लावलात तर हत्तीच्या पाठीवर पंचा. तेव्हा डांबरी पट्ट्या ही सजावट नव्हती, अर्धा स्पीकर तीच होती.

बोटाच्या पेराने खोक्याच्या बाजूवर टकटक करा. काय ऐकू येतं ते लिहा.

दुसरी चूक जास्त महागात पडली आहे. बाहेरचं माप तेच ठेवून फळी जाड केलीत, म्हणजे आतली हवा खाल्लीत. ढोबळ गणित: १२ मिमीत आतून २८१ बाय १६६ बाय १३६, साधारण ६.३ लिटर. १८ मिमीत २६९ बाय १५४ बाय १२४, साधारण ५.१. यात ग्रिलची खाच, कोपऱ्यातल्या पट्ट्या आणि ड्रायव्हर (बी११० आणि टी२७) वजा केलेले नाहीत, ते गेल्यावर मुळात जेमतेम ५ लिटर उरतात. त्यातला एवढा हिस्सा गेला तर बंद खोक्यातला स्पीकर वर सरकतो आणि तिथे फुगतो. या डिझाइनला शंभर-दीडशे हर्ट्झच्या पट्ट्यात थोडा फुगवटा मुळातच आहे. पुरुषाचा काळी एकचा षड्ज १३८-१३९ हर्ट्झ. तुमचा गायक नेमका त्या फुगवट्यावर पाय ठेवतोय. त्यात टीव्हीचं कपाट, म्हणजे तीन बाजूंनी भिंत. आधी तिथून बाहेर काढा.

उजवा: आज एकच काम करा. डावीकडचा मूळ क्रॉसओव्हर काढून उजव्या खोक्यात लावा, तयारवाला डावीकडे. कर्कशपणा जागा बदलतो का बघा. आवाज अगदी कमी ठेवा. त्या तयार क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरला बहुधा एकच कपॅसिटर असेल, आणि टी२७ ची कॉइल नाजूक असते.

---

लाकडाचा_भुसा | सोमवार, दुपारी १:३०

(धंद्याने फर्निचरवाला, हौसेने स्पीकरवाला.)

बर्च प्लाय टिंबर मार्केटमध्ये विचारलात तर मिळतो, पण आख्खी ८ बाय ४ ची शीट गळ्यात मारतात. दोन खोक्यांना अर्ध्या चौरस मीटरच्या जरा वर लागतो, म्हणजे शीटचा पाचवा हिस्सा. भवानी पेठेत फिरलात तर किचन ट्रॉलीवाल्यांकडे तुकडे सापडतात, मी तसेच जमवले. न मिळाल्यास गर्जनचा चांगला १२ मिमी घ्या, पण कापल्यावर कडा बघा. थरांमध्ये पोकळी दिसली तर तो तुकडा बाजूला. पोकळी फुर्रर्र करते.

आतल्या कोपऱ्यातल्या पट्ट्या बीच लाकडाच्या. यावर हसू नका. बीबीसीला पाराना पाइनच्या पट्ट्यांनी आवाजात रंग चढलेला आढळला होता आणि त्यांनी बीचच धरलं. आपल्याकडे स्टीम बीच कुठल्याही लाकूडवाल्याकडे असतं. सुताराला फक्त "दरवाज्याच्या बीडिंगची उरलेली सागवानी पट्टी टाकू का" हे विचारू देऊ नका.

डांबर: गाड्यांच्या अॅक्सेसरीवाल्यांकडे दरवाज्यात चिकटवायची डॅम्पिंग शीट मिळते. चांदीचा कागद लावलेली बहुतेक ब्यूटाइल रबराची असते, तुम्ही काळी, जड, डांबरी मागा. हेअर ड्रायरने गरम करून दाबून बसवा आणि कडांना स्टेपल मारा, नाहीतर एप्रिलमध्ये पुण्याच्या उन्हात सुटून खाली येईल. माझी आली होती. बी११० च्या चुंबकावर.

---

पेटीदुरुस्ती_घराणं | सोमवार, संध्याकाळी ६:१५

स्पीकरातलं मला कळत नाही, पण फेल्टचं कळतं. क्राफ्टच्या दुकानातलं रंगीत फेल्ट घेऊ नका, ते प्लास्टिकच्या धाग्याचं असतं. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे जा आणि पट्ट्यांखाली घालतो ते लोकरीचं जाड फेल्ट मागा. नखाने ओढलं तर धागा सुटतो आणि काडी लावली तर केस जळल्याचा वास येतो, ते खरं.

---

कोथरूडचा_कारकून | बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. खवचटरावांचेही.

क्रॉसओव्हरची अदलाबदल केली. कर्कशपणा डावीकडे गेला! उजव्यात मूळ फिल्टर लावल्यावर स-श-ष एकदम माणसात आले. नाकातला आवाज मात्र दोन्हीकडे तसाच.

टकटक: माझी खोकी "टॉक्" करतात, शेपटीला बारीक "ण्ण" आहे. जुन्या खोक्याची मागची फळी वाळवीने अर्धीच खाल्ली आहे, तिच्यावर डांबर शाबूत. तिच्यावर टकटक केली तर "ठप्". पुस्तकावर वाजवल्यासारखं. ओहमसाहेब काय म्हणतात ते मला त्या दोन टकटकींत कळलं.

फुर्रर्र मात्र उजव्या खोक्यातच राहिली. बायकोने युक्ती सांगितली. फोनवरून खालचा सूर लावला आणि उदबत्ती हळूहळू खोक्याच्या कडेने फिरवली. पुढच्या फळीजवळ धूर सरळ. मागे तारा जोडायच्या टर्मिनलपाशी नेल्यावर धुराची रेघ थरथरायला लागली. सुताराने भोक दोन मिमी मोठं पाडलंय.

कपाटातून काढून दोन स्टुलांवर, भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवलेत. घुमणं निम्मं गेलं. बायकोचं म्हणणं आहे की आता निम्मी खोलीही गेली.

---

सातारारोडवरचा_ओहम | गुरुवार, सकाळी ६:५०

उदबत्तीला शंभर मार्क. अजून एक परीक्षा: बी११० चा कोन चार बोटांनी सारख्या दाबाने हलकेच आत ढकला आणि सोडा. खोकं हवाबंद असेल तर तो आळसावून परत येतो. टपकन आला तर गळती आहे.

आता क्रॉसओव्हर. मूळ फिल्टरचं नाव एफएल ६/२३. तो नुसता मोठ्या-छोट्याची वाटणी करत नाही. बी११० वरच्या मध्यात, हजार-दीड हजार हर्ट्झच्या आसपास उसळतो. त्याला तो फिल्टर दाबून सपाट करतो आणि ३ किलोहर्ट्झला टी२७ कडे सोपवतो. ट्वीटरची पातळी टॅप (कमी-जास्त पातळीसाठी मधेमधे काढलेली टोकं) असलेल्या ऑटोट्रान्सफॉर्मरने जुळवलेली आहे, ड्रायव्हरच्या प्रत्येक जोडीप्रमाणे टॅप निवडून. तुमचा तयार "८ ओहम" यातलं काहीच करत नाही, शिवाय मूळ स्पीकर एकूण १५ ओहमचा. तो काढून ड्रॉवरमध्ये टाका.

वाट पहिली: फाल्कन अकूस्टिक्सकडे याची प्रतिकृती मिळते. माल्कम जोन्स हे केईएफमधले, बी११० आणि टी२७ त्यांनीच घडवले, फाल्कन त्यांनीच काढली. माल अस्सल, पण टपाल आणि कस्टम धरून हिशेब करा.

वाट दुसरी: डाव्याची नक्कल. एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मोजणारा) उसना घ्या आणि डाव्याचा एकेक भाग एक बाजू सोडवून मोजा. कॉइल लॅमिनेशनच्या (पातळ पत्र्यांच्या थरांच्या) गाभ्यावर आहेत. वाइंडिंगवाल्याला "एवढे फेरे मार" एवढंच सांगून भागणार नाही. गाभ्यातली फट केसभर बदलली तरी इंडक्टन्स बदलतो. त्याच्या शेजारी मीटर घेऊन बसा. कपॅसिटर चाळीस वर्षांचे आहेत, तेही मोजा, दोन्ही बाजूंना सारखेच बसवा.

तोवर डाव्या फिल्टरवर एकच स्पीकर वाजवा. मामाच्या काळातल्या निम्म्या रेकॉर्डी मोनोच असतील.

आणि हो, एका वॉटला एक मीटरवर हा ८३ डेसिबलच देतो. आवाज कमी वाटला म्हणून अँप पिळू नका. विसर्जनाच्या मिरवणुकीची सवय झालेल्या कानांना आठवडाभर लागतो.

---

कोथरूडचा_कारकून | पुढचा रविवार, दुपारी ४:०५

प्रगती. १२ मिमी बर्चचे तुकडे भवानी पेठेत मिळाले, एका ट्रॉलीवाल्याकडे, दोन्ही खोक्यांच्या बाराच्या बारा फळ्यांना पुरतील असे. बीचच्या पट्ट्या कापून आणल्या. या वेळी सुताराला डांबराची शीट हातात दिली. त्याने वजन करून पाहिलं आणि म्हणाला, "ही गाडीत लावतात ना? मग आधी सांगायचं."

फेल्टसाठी पेटीवाल्याकडे गेलो. ट्वीटरभोवती चौकट करायची म्हटल्यावर त्याने विचारलं, "तुमचा सूर कुठला?" मी पटकन म्हणालो, काळी एक. आता तो मला गायक समजतो.

डावा क्रॉसओव्हर सोडवायला घेतला आहे आणि तिथेच अडलो. ऑटोट्रान्सफॉर्मरला पाच-सहा टॅप आहेत, एकावर तार डाग दिलेली, दुसऱ्यावर जुन्या डागाची खूण. म्हणजे कोणीतरी, बहुतेक मामानेच, तो कधीतरी बदललाय. फोटो जोडतो. नक्कल करताना उजव्याला आत्ताचा टॅप धरू की मूळचा? मामाला विचारलं तर बेत फुटेल.