डाव्या बाजूला चीर पडलीय, दूध पुरतंय का?

मृण्मयी, ऐरोली
मुलगी उद्या १२ दिवसांची होईल. पहिलंच बाळंतपण, सिझर. डाव्या निपलला चीर पडलीय, तिने तोंडात घेतलं की डोळ्यांतून पाणी येतं. संध्याकाळी तर अर्ध्या-अर्ध्या तासाने रडते. सासूबाई म्हणतात, अंगावरचं पुरत नाही, वरचं सुरू कर. अजून काही दिलेलं नाही. जन्माचं वजन २.९ किलो, घरी सोडताना २.७, काल २.८५. काय करू?

केतकी_ठाणे
अळिवाची खीर आणि शतावरी घे. मला तरी फरक पडला.

सुलभाताई, कोपरखैरणे
मृण्मयी, मी ठाण्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. आधी वजनाचं. पहिल्या दिवसांत ७ टक्क्यांपर्यंत घटतंच, तुझी लेक त्यातच बसते. नंतर दीडशे ग्रॅम वाढली ती तुझ्याच दुधावर ना? दोन आठवड्यांपर्यंत जन्माच्या वजनावर यायला हवी, तेव्हा पुन्हा वजन कर. दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतायत का, ते सासूबाईंनाच मोजायला सांग. त्यांचीही काळजी मिटेल.

संध्याकाळी बाळं सारखी मागतातच. मागेल तेव्हा घे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. खीर जरूर खा, पण स्तन रिकामा होणं महत्त्वाचं. वरचं दिलं की ती कमी ओढेल आणि खरंच दूध घटेल.

चीर पडते ती बहुतेक वेळा पकडीमुळे. नुसतं निपल तोंडात गेलं की ते टाळूवर घासतं. तुला टाके आहेत, म्हणून बाळाला काखेखाली उशीवर घे, पाय तुझ्या पाठीकडे. तिचं नाक निपलसमोर धर, वरच्या ओठाला निपल लाव आणि थांब. जांभईसारखं मोठं तोंड उघडलं की पटकन तिला जवळ ओढ. तू वाकू नकोस. हनुवटी स्तनात रुतलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे. दुखतच राहिलं तर ओढून काढू नकोस, तोंडाच्या कोपऱ्यात स्वच्छ करंगळी घाल, पकड सुटते. मग पुन्हा लाव. पाजून झालं की दुधाचेच दोन थेंब चिरेवर लावून वाळू दे.

सुरुवात उजव्या बाजूने कर, पण डावी सोडू नकोस, दूध साठून गाठ होते. स्तन लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. तेव्हाही पाजणं बंद करायचं नाही. आणि घुटी, मध, पाणी काही नको, कोणी कितीही आग्रह केला तरी.

मृण्मयी, ऐरोली
ताई, काखेखाली घेऊन पाहिलं. उजवीकडे छान जमलं. डावीकडे तोंड मोठं उघडतच नाही, चुटचुट आवाज येतो आणि सुटतं.

सुलभाताई, कोपरखैरणे
आवाज येतो म्हणजे पकड सैल आहे. जीभ खालून बांधलेली आहे का, तेही पाहायला हवं. सहा आठवड्यांच्या लसीपर्यंत थांबू नकोस. उद्याच बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्यांच्यासमोरच पाजून दाखव. तोवर डावीकडचं हाताने पिळून वाटी-चमच्याने पाज.