ऑफिसच्या मशीनचा रिमोट घ्यावा, की फायली घरी न्याव्यात?

हिशेबनीस

आमच्याकडे गेल्या आठवड्यात ठरलं की घरून ऑफिसच्या मशीनचा रिमोट घेणं, म्हणजे नेटवरून जोडून ते मशीन घरी बसून चालवणं, महिनाअखेरीपासून बंद. घरून काम करायचं असेल तर लागतील त्या फायली स्वतःच्या लॅपटॉपवर न्यायच्या आणि काम झालं की परत आणून टाकायच्या. कारण सांगितलं ते सुरक्षिततेचं. मला हा निर्णय साफ चुकीचा वाटतो. रागही आलाय, म्हणून इथे मांडतोय.

रिमोट घेतल्यावर घरी काय येतं? तिथल्या पडद्याचं चित्र. घरून काय जातं? मी दाबलेल्या कळा आणि माऊसची हालचाल. खाती, पगारपत्रकं ऑफिसच्या डिस्कवरून हलत नाहीत. उद्या माझा लॅपटॉप चोरीला गेला तर चोराच्या हाती हिशेबातला एक आकडाही लागणार नाही. फायली मात्र घरोघरी गेल्या की कुठली प्रत कुठे उरली याचा माग कोण ठेवणार?

शिवाय आमच्या हिशेबाचा सगळा डेटा एकाच फोल्डरमध्ये आहे आणि पाच जण एका वेळी त्यात नोंदी करतात. तो फोल्डर मी एकदा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित, खाजगी वाट) लावून घरच्या मशीनवरून थेट उघडला होता. एकेक खातं उघडायला मिनिटं लागत होती. नोंद सेव्ह होत असताना नेट गेलं आणि डेटाच बिघडला. आदल्या रात्रीच्या बॅकअपवर जाऊन पाचही जणांना त्या दिवसाचं काम पुन्हा करावं लागलं. रिमोटमध्ये नेट गेलं तर व्हाउचर तिथल्या पडद्यावर अर्धवट, पण शाबूत राहतं. पुन्हा जोडलं की कर्सर त्याच रकान्यात असतो.

सर्व्हरखोली

हिशेबनीस, तुमचा राग समजतो, पण मी तुमच्या ऑफिसच्या बाजूचा आहे. नेटवर्क सांभाळणं हेच माझं काम.

एका ऑफिसात मला बोलावलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. कुणीतरी सोय म्हणून राऊटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं एक क्रमांकाचं दार, थेट एका मशीनकडे वळवला होता. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप याच पोर्टवर ऐकत असतो. लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडला तर रात्रंदिवस फसलेल्या लॉगिनच्या ओळी, दर काही सेकंदांनी एक. त्यातली एक शेवटी लागली. सोमवारी सकाळी लोक आले तेव्हा आत शिरलेल्याने सगळ्या फायली कुलूपबंद केल्या होत्या, एकही उघडत नव्हती. बॅकअपची डिस्क त्याच मशीनला जोडून ठेवलेली, त्यामुळे तीही गेली. त्या खोलीत लोक एकमेकांशी बोलत नव्हते, इतकं मला आठवतं.

आणि पासवर्ड कितीही भक्कम असला तरी दार उघडं असेल तर पुरत नाही. २०१९ मधली ब्लूकीप नावाची त्रुटी बघा. तिच्यात लॉगिन करायचीच गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने त्या मे महिन्यात विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीसाठीसुद्धा पॅच (दुरुस्ती) काढला, जिचा अधिकृत सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता. यावरून गांभीर्य ओळखा. कुणी म्हणेल पोर्टचा नंबर बदला. त्याने लॉग थोडा शांत होतो, एवढंच. शोधणारे सगळे पोर्ट चाचपतात.

हिशेबनीस

पण हा दोष उघड्या पोर्टचा झाला, रिमोटचा कसा? आमच्याकडे आधी व्हीपीएन लावतो, मग रिमोट घेतो. बाहेरच्याला ते मशीन दिसतच नाही.

सर्व्हरखोली

व्हीपीएन लावला म्हणजे झालं, हे मला मान्य नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली, इंधनाचा पुरवठा काही दिवस थांबला, ती एका व्हीपीएन खात्यातून हॅकर आत शिरल्यामुळे. जुनं, वापरात नसलेलं, पण बंद न केलेलं खातं. कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटसमोर सांगितलं की पासवर्ड सोपा नव्हता. पण त्यापुढे दुसरी पायरी नव्हती, फोनवरचा कोड नाही, काही नाही. सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली गेली.

तुमच्याकडे सोडून गेलेल्यांची खाती कोण बंद करतं? लॉगिनला कोड लागतो का?

आणि 'फक्त चित्र येतं' हेही अर्धंच खरं आहे. रिमोटच्या सेटिंगमध्ये क्लिपबोर्ड आणि डिस्क जोडायची सोय असते. ती चालू असेल तर तिथली फाईल कॉपी करून घरी चिकटवता येते. घरच्या मशीनवर कीलॉगर (दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा छुपा प्रोग्राम) बसलेला असेल तर तुम्ही टाइप केलेला ऑफिसचा पासवर्डही त्याच्याकडे गेला.

रेघोटी

मी नकाशे काढते. सुरक्षिततेचं तुम्ही दोघं बघा, पण रोज आठ तास रिमोटवर काम करणाऱ्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. रेघ ओढायची, तर माऊस पुढे आणि रेघ मागून येते. टोक पकडायला जावं तर बाजूचं पकडलं जातं. संध्याकाळी डोळे आणि मनगट दोन्ही दुखतात. मी घरचं नेट दुप्पट वेगाचं घेतलं, काही फरक नाही. मग कळलं की अडचण वेगाची नाहीच. कळ दाबल्यापासून ती तिकडे जाऊन चित्र परत येईपर्यंतचा वेळ महत्त्वाचा, आणि मोठा पाइप घेतल्याने तो कमी होतोच असं नाही. म्हणून मला ऑफिसनेच दिलेला लॅपटॉप आणि त्यावर फायली हव्यात.

हिशेबनीस

रेघोटी, लॅपटॉपवरचा नकाशा आणि ऑफिसातला नकाशा यांतला खरा कुठला, हे कसं ठरतं?

रेघोटी

तिथे त्रास होतो, नाकारत नाही. एकदा माझ्याकडच्या प्रतीत जिना सरकवला होता आणि साइटवर ऑफिसातली जुनी प्रत गेली. कामगारांनी आखणी करून ठेवली होती, ती मोडावी लागली. तेव्हापासून फाईल बाहेर नेताना ऑफिसातली प्रत कुलूपबंद करतो. पण तेवढ्यासाठी मी पुन्हा रिमोटवर रेघा ओढणार नाही.

तिसरा_मजला

कुठलं साधन वापरता यानेही खूप फरक पडतो. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप घेतला की ऑफिसातला पडदा लॉक होतो. ज्या साधनांत तिथला पडदा जसाच्या तसा दिसतो, त्यांत तुम्ही घरून जे उघडाल ते तिथल्या मॉनिटरवरही चालू असतं. पडदा काळा करायची सोय असते, पण ती आपण लावावी लागते. मी महिनाभर पगाराचं पत्रक असं उघडत होतो आणि जाणारे येणारे वाचत होते. एकाने त्यातून सहकाऱ्याचा पगार काढला. त्या दोघांत अजून अबोला आहे आणि याला कारण मी आहे. प्रिंटचंही तसंच. घरी दिलेली प्रिंट ऑफिसच्या प्रिंटरवर निघून दिवसभर तिथेच पडून राहते.

आणि मशीन बंद पडलं की संपलं. डिसकनेक्टऐवजी शट डाउन दाबलं गेलं तर घरून चालू करायचं कसं? नेटवर्कवरून जागं करायची सोय असते. मशीनला एक ठरावीक संदेश जातो: सहा बाइट एकसारखे, मग त्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा. पण बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती आधी चालू करून ठेवावी लागते, शक्यतो केबलचीच जोडणी लागते आणि संदेश त्याच नेटवर्कमधल्या चालू यंत्राकडून जावा लागतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पहारेकऱ्याला फोन करून बटण दाबायला सांगायचो.

रात्रदिवा

मला वेगळंच खटकतं. जोडता येतं म्हणून रात्री अकराला 'जरा रिमोट घेऊन बघता का' असा फोन येतो. फायली ऑफिसात होत्या तेव्हा 'उद्या बघतो' म्हणता यायचं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आहे. आमच्याकडे रिमोट बंद होत असेल तर मी आनंदाने सही करेन.

हिशेबनीस

रात्रदिवा, तुमची तक्रार खरी आहे, पण ती फोन करणाऱ्याविरुद्ध आहे. फायली लॅपटॉपवर आल्या म्हणून तो फोन थांबेल का? माझे वडील दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते. त्यांना कुशीवर वळवायचं आणि मग बाजूच्या टेबलावर बसून बॅलन्स शीट पुरी करायची. रिमोट नसता तर मी नोकरी सोडली असती. म्हणून हे सहज बंद करणं मला सहन होत नाही.

रात्रदिवा

वडिलांचं वाचून थांबलो. तुमच्यासारख्यांचा रिमोट काढावा असं मी म्हणणार नाही. पण वेळेची मर्यादा लेखी हवी, यावर मी ठाम आहे.

सर्व्हरखोली

मीही थोडं मागे येतो. कोड लागत असेल, जुनी खाती बंद होत असतील, क्लिपबोर्ड आणि डिस्क जोडणी बंद असेल आणि बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असेल, तर घरोघरच्या लॅपटॉपवर फायली विखुरण्यापेक्षा मी तुमचा रिमोट पत्करेन. यातलं एकही नसेल तर मात्र तुमच्या ऑफिसचा निर्णयच बरोबर. आधी राऊटरची पोर्ट वळवलेली यादी बघा. व्हीपीएन आहे म्हणून जुनी नोंद कुणी काढली असेलच असं नाही.

हिशेबनीस

आज आमच्या आयटीवाल्यासोबत बसून बघितलं. तुमचं खरं निघालं. व्हीपीएन येण्याआधीची ३३८९ ची नोंद अजून होती, आणि ती ज्या मशीनकडे जात होती ते माझंच. काढून टाकली. कोडही नव्हता, तो या आठवड्यात लागतोय. सोडून गेलेल्या दोघांची खाती चालू होती, तीही बंद केली. एवढं दाखवून निर्णय फिरवायची विनंती उद्या लेखी देतोय.

सर्व्हरखोली

विनंती द्याच. पण त्याआधी त्या मशीनचा सिक्युरिटी लॉग काढा. फसलेली लॉगिन असणारच, ती सोडा. यशस्वी झालेल्यांत तुम्ही घरी झोपला होतात अशा वेळेची एखादी आहे का, ते ओळ न ओळ बघा.