प्रति: डेबियन टाकलं, पण नुसता काळा पडदा
साताऱ्याच्या भाऊंनी लिहिलंय की डेबियन (लिनक्सची एक सिस्टीम) बसलं, पण लॉगिन विचारून कर्सर नुसता लुकलुकतोय. आणि वर सल्ला आलाय की सगळं पुसून पुन्हा टाका. कशाला उगाच? सिस्टीम ठणठणीत आहे, फक्त डेस्कटॉप आलेला नाही. इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर निवडायच्या पानावर डेस्कटॉपवर खूण करायची राहून गेली की असंच होतं.

नेटसाठी लॅन केबल जोडा, रूट (सगळे हक्क असलेला मुख्य वापरकर्ता) होऊन 'टास्कसेल' (tasksel) चालवा. तोच मेनू परत येतो. 'सुडो' (sudo, रूटच्या हक्काने कमांड चालवायची सोय) नाही म्हणत असेल तर घाबरू नका. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड दिला असेल तर डेबियन तुम्हाला सुडोचा हक्क देत नाही. तेव्हा 'सु -' (su -) लिहून रूट व्हा. मेनूत बाणाने फिरा, स्पेसने खूण करा; नुसतं एंटर मारलं तर काहीच निवडलं जात नाही. ४ जीबीचा जुना लॅपटॉप असेल तर नोम (GNOME) हा जड डेस्कटॉप सोडा, एक्सएफसीई (Xfce) हा हलका घ्या. इकडे सांगलीत आमच्याकडे सगळे जुने लॅपटॉप त्यावरच पळतात. मग रीबूट.

तरीही काळंच? एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ग्रबमध्ये (सिस्टीम सुरू होताना येणाऱ्या मेनूत) 'ई' (e) दाबून 'लिनक्स'ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset) लिहून बघा. ते एका बूटपुरतंच टिकतं. त्याने पडदा उघडला तर कार्ड कोणतं ते इथे टाका, ड्रायव्हरचं मग बघू.