पप्पांचा पीएफ मोडून माझं एज्युकेशन लोन फेडावं का?

सातपूरकर
२०२४ ला मेकॅनिकल झालो, आता चाकणला जॉब आहे, हातात २४ हजार येतात. लोन ७ लाखांचं, दर १०.५ टक्के, दरवर्षी पावणेदोन लाख कॉलेजला जायचे. इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे कॉलेजने स्वतः भरलेली सीट होती त्यामुळे फी सवलत शून्य. आता मोरॅटोरियम (कोर्स आणि नंतरचं एक वर्ष, हप्ता नसलेला काळ) संपला आणि बँकेने कागद हातात ठेवला तर ७ चे साडेनऊ लाखांच्या वर झालेत, १० वर्षं १२,९०० चा हप्ता. रूम आणि मेसचे पैसे गेले की उरतं काय? पप्पा ३ वर्षांत रिटायर होतायत, ते पीएफ काढतो म्हणतात. आणि मोठे काका, १९८१ चे सरकारी कॉलेजचे इंजिनियर, वर्षाची फी तीन-चारशे होती असं स्वतःच सांगतात, ते मला म्हणतात आमच्या वेळी कर्ज काढून शिकायची पद्धत नव्हती. खूप लागलं मनाला.

निवृत्त बँकवाला
पीएफला हात लावू नका. तुमचं व्याज कसं वाढलं ते बघा, पहिल्या पावणेदोन लाखांवर ५ वर्षं, दुसऱ्यावर ४, असं मिळून सरळव्याजानेच अडीच लाखांच्या वर होतं आणि मग ते मुद्दलात मिळवतात. पहिल्या वर्षी महिना साधारण दीड हजार आणि पुढे कर्जाबरोबर वाढत जाणारं व्याज हप्ते सुरू होईपर्यंत भरत गेलं असतं तर नंतरचा हप्ता साडेनऊ हजारांच्या आत बसला असता, शिवाय कोर्सभर व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात १ टक्का सूट देतात. सही घेताना हे पालकांना समजावून सांगायला हवं, आमच्यातले बरेच जण सांगत नाहीत, हे मी काउंटरच्या आत बसून बघितलंय. आता मुदत १५ वर्षं करून मागा, हप्ता साडेदहा हजारांवर येईल, पण एकूण साडेतीन लाख जास्त जातील हे लक्षात ठेवा.

डिप्लोमावाली मावशी
तुझ्या काकांच्या बॅचला सीट मिळाली ते नशीबवान रे. मी त्याच काळातली, मार्क असून सीट नाही, डिप्लोमावर थांबले. १९८३ ला मुख्यमंत्री वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजं उघडू दिली तेव्हा सीटा वाढल्या पण खर्च सरकारच्या खिशातून घरच्यांच्या खिशात आला. म्हणून सगळी जुनी पिढी फुकट शिकली असं नको म्हणू, पण जे शिकले त्यांचा खर्च लोकांच्या टॅक्समधून झाला, त्यांनी पोरांना पद्धत शिकवू नये.

लातूर टू पुणे
मोरॅटोरियमच्या काळातली केंद्राची व्याजमाफी घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तरच, माझ्या वडिलांचं थोडंसं वर होतं म्हणून अर्जच बाद. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्याजात ३ टक्के सवलत आहे पण ती निवडक कॉलेजांनाच, आमचं त्यात नाही. साध्या कॉलेजच्या पोरांचं मोरॅटोरियमचं व्याज तरी सरकारने भरावं, निदान ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांचं तरी.

सातपूरकर
थँक्यू सगळ्यांना. २०२४ पासून मुलींची फी माफ झाली त्यात धाकट्या बहिणीचं काम झालं, ती पहिल्या वर्षाला आहे, तेवढं तरी बरं. पप्पांनी भरून ठेवलेला पीएफचा फॉर्म आज मी कपाटात टाकलाय. सोमवारी हाफ डे घेऊन बँकेत १५ वर्षांचं विचारतो, आणि वर्षातून एकदा बोनस आला की मुद्दलात भरता येईल का तेही.

निवृत्त बँकवाला
भरता येतं. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.